कमळीची याडी

मंडळी, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही. माझ्या हातून झालेली एक चूक तुम्हाला सांगतो.

आज रिसोडच्या एसटी स्टँडवर साठीची एक बंजारा बाई जवळ आली. "गुरुजी, वळखलं काय? मी तांड्यावरची कमळी."

सत्तरच्या दशकात, मी नवीनच मास्तर झालो तेव्हा, ती माझ्याकडे पहिलीत होती. पुस्तकातलं आईचं चित्र दाखवलं की ती आपल्या बोलीत "याडी" म्हणायची आणि वर्ग हसायचा. मी तिच्या हातावर छडी मारायचो. "याडी नाही, आई म्हण!" पुढे ती वर्गात बोलेनाशीच झाली आणि मग शाळेतून गेली. मी समजत होतो, पोरगी मंद आहे.

आज मी तिची माफी मागितली.

"छडीचं काई नाई, गुरुजी," ती म्हणाली. "पन मंग घरी मले याडी म्हनाची लाज वाटे. आई म्हनलं तर तिले परकं वाटे. म्हनून मी तिले हाक मारनंच सोडलं. ती मरेपर्यंत."

तिची गाडी आली, ती चढून गेली. मी तिथंच बसून राहिलो.

शिक्षक मित्रांनो, तुमच्या वर्गातलं गप्प लेकरू घरी कोणती भाषा बोलतं, हे तुम्ही कधी विचारलंय का?