टायरवरून फिरलेला हात

लीजवर घेतलेली माझी गाडी दोन महिन्यांत कंपनीला परत द्यायची होती. घासलेले टायर बदलून कंपनीचं भलं कशाला करा, असं माझं शहाणपण. लातूरच्या स्टँडबाहेर एका मावशींची नांदेडची बस चुकली, तेव्हा तिकडेच निघालेला मी ऐटीत म्हणालो, "बसा." लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या त्या बाईंनी डिंकाच्या लाडवांचा डबा काखेत मारला आणि आधी टायरवरून तळहात फिरवला.

"लई गुळगुळीत हाय की वो!"

"गाडी परतच द्यायचीय, मावशी."

"जीव बी परत द्यायचा हाय व्हय?"

समोरच्याच दुकानात मी निमूट नवे टायर बसवून घेतले. मावशींनी पुन्हा हात फिरवला, माझ्या हातावर एक लाडू ठेवला आणि गाडीत बसल्या. लातूर सुटायच्या आत त्या घोरत होत्या. माझ्या गाडी चालवण्यावर एवढा विश्वास बायकोनंही कधी दाखवलेला नाही.