पहिल्या लेकराची आश्विनी

कोजागिरीच्या संध्याकाळी आमच्या गांधीबागेच्या गल्लीत घरोघरच्या थोरल्या लेकराचा थाट असायचा. अंगावर नवे कपडे, पाटाभोवती रांगोळी आणि समोर निरांजनाचं तबक घेऊन उभी आई. याला आश्विनी म्हणतात. घरात पहिलं जे मूल जन्मलं, मुलगा असो की मुलगी, त्याला त्या दिवशी ओवाळायचं. ओवाळून झालं की माझ्या मैत्रिणी भोंडल्यासारखी भुलाबाईची गाणी म्हणायला यायच्या. कपाळावरच्या ओल्या कुंकवात तांदूळ चिकटलेले असायचे आणि त्या ते मुद्दाम पुसायच्या नाहीत.

माझं कपाळ कोरडं. मी थोरली, माझ्या पाठीवर एक भाऊ, तरी आईनं मला एकदाही ओवाळलं नाही. विचारलं की म्हणायची, आपल्याकडे नसते. समोरच्या काकू आमच्याच नात्यातल्या, त्यांच्याकडे मात्र दरवर्षी असायची. वडील कापडाच्या ठोक दुकानात कामाला होते, तेव्हा फ्रॉकच्या कापडाचीही काही अडचण नव्हती.

नऊ वर्षांची असताना मी स्वतःच बंदोबस्त केला. दिवाळीसाठी शिवून आलेला फ्रॉक पेटीतून काढून घातला, पाट मांडला, वाकडीतिकडी रांगोळी काढली आणि ऐटीत बसले. आई आतून आली. मला वाटलं, ती हसेल. ती दारातच थांबली, तिचा चेहरा उतरला आणि ती म्हणाली, "ऊठ वं तिथून. ती जागा तुही नाही."

मी उठले. जागा भावाची आहे असं मी धरून चालले आणि पुढची पंचेचाळीस वर्षं तेच घट्ट धरून ठेवलं. आईनं भावालाही कधी ओवाळलं नव्हतं, पण राग डोक्यात बसला की एवढं कोण बघतं?

तरी त्या दिवसांची आठवण आली की मला आधी राग येत नाही, आईची खिरापत आठवते. भुलाबाईची गाणी संपली की घरची बाई झाकलेला डबा पुढे करते आणि आत काय आहे ते मुलींनी ओळखायचं. आम्ही डबा हलवायचो, हुंगायचो, कान लावायचो. इतर घरी करंजी, चिवडा, शेंगदाण्याचे लाडू असं पटापट ओळखलं जायचं. माझ्या आईचा डबा कधीच कोणाला ओळखता आला नाही. चकल्यांच्या मधल्या फटीत ती मुरमुरे भरायची, म्हणजे आवाजच होऊ नये. लपवण्यात माझ्या आईचा हात कोणी धरू शकत नाही, असं मी सगळ्यांना अभिमानानं सांगायची.

पुढे मला मुलगी झाली. तिची आश्विनी मी अशी काही करायची की शेजारणींनी बघायला यावं. दरवर्षी करायची, आणि शक्यतो आईच्या डोळ्यांसमोर. आई काहीतरी निमित्त काढून आत जायची. लागलं ना बरोबर, असं मी मनात म्हणायची आणि मला बरं वाटायचं. आज हे लिहिताना लाज वाटते.

वडील गेल्यापासून आई आमच्याकडे मनीषनगरला राहते. गेल्या कोजागिरीला मुलगी पुण्याहून आली होती. दिवेलागणीला मी तिला ओवाळलं आणि आई नेहमीसारखी आत गेली. थोड्या वेळानं मुलगी पाणी प्यायला उठली आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच तिनं मला हलकेच हाक मारली. जाऊन बघते तर आई फ्रिजशेजारच्या कोऱ्या भिंतीसमोर उभी होती. वाटीत एक वात लावलेली, आणि ती भिंतीला ओवाळत होती.

आम्हाला पाहून तिनं वाटी लपवली नाही. ओवाळणं पुरं केलं, खुर्चीवर बसली आणि सांगायला लागली. माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती. सव्वा वर्षाची होऊन तापात गेली. त्यानंतर वर्षभरात मी आले. माझ्या आजीनं घरात ताकीद दिली, हिच्यासमोर तिचं नाव काढायचं नाही, नाहीतर हीसुद्धा हाती लागणार नाही. आजी गेली, पुढे वडीलही गेले, पण ताकीद कोणी उठवलीच नाही. आम्ही मुली भुलाबाईला बाहेर पडलो की आई गांधीबागेच्या घरात, जिथे त्या मुलीचा पाळणा बांधलेला असायचा, त्या कोपऱ्याला ओवाळायची. या फ्लॅटमध्ये तो कोपरा नव्हता, म्हणून तिनं ही भिंत धरली होती.

मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. मी म्हटलं, मग मला एकदा तरी ओवाळायचं होतंस. चोपन्न वर्षांच्या बाईला हे शोभत नाही, पण बोलून गेले.

"तुले ओवाळलं असतं, तं ती झालीच नाही असं झालं असतं," आई म्हणाली. "पयली ती होती वं. तिचं तेवढंच राह्यलं होतं."

मुलीनं आजीच्या पाठीवर हात ठेवला. आई माझ्याकडेच बघत होती.

"मी आता कितीक दिवस पुरणार? माह्यामागं तिची कोन करीन?"

म्हणजे याच काळजीनं ती आज उघड झाली होती. मी म्हटलं, मी करीन. जो मान मिळाला नाही म्हणून मी जन्मभर कुढले, तो बहिणीला द्यायचं मी कबूल केलं. मला एक बहीण होती आणि तिच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. मी आईला विचारलं, तिला काय आवडायचं? नैवेद्याला काय ठेवू?

आई म्हणाली, एवढ्याशा लेकराच्या काय आवडीनिवडी असतात. वाटीतली वात विझत आली होती, ती तिनं बोटानं पुढे सारली.

"दुधाची साय खाये," ती म्हणाली. "माह्या बोटानं."