जिलबीच्या पंगतीनंतरची मॅच

संग्राम मूळचा कोल्हापूरचा, म्हणजे फुटबॉल त्याला घरचाच. तिथे पेठापेठांत या खेळावरून अबोले होतात, हे पुण्यामुंबईच्या माणसांना पटवण्यात त्याची निम्मी हयात गेली. इथे अमेरिकेत, पार्सिपनी गावात तो सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर सांभाळतो आणि रविवारी आमच्या मराठी पोरांचा संघ. पोरं म्हणजे चाळिशीतली, क्रिकेट सोडून त्याच्या धाकाने आलेली. हौशी लीगचा सगळ्यांत खालचा विभाग. त्याच्याखाली फक्त पार्किंग लॉट, असं त्याची बायको रुचाच म्हणते.

या मोसमात संघ धड जमलाच नाही. सप्टेंबरात कुणी भारतात, ऑक्टोबरात दिवाळीच्या नाटकाच्या तालमी, शिवाय ऑफिसची रडगाणी होतीच. संग्रामने कुणाला सोडलं नाही. जर्सी सिटीच्या दोघांना तो सकाळी गाडी घेऊन घरून उचलायचा; झोपेतून उठवायचासुद्धा. तरी नोव्हेंबरात संघ तळाला. शेवटची मॅच हरलो तर लीगमधून बाहेर, आपली जागा घ्यायला दुसरे रांगेत उभे. बरोबरी झाली तर राहिलो.

नेमकी त्याच रविवारी माझ्या भाच्याची, देवांगची, वास्तुशांत. इथे गुरुजींची तारीख मिळणं डॉक्टरच्या अपॉइंटमेंटपेक्षा कठीण. देवांगही संघातलाच. सकाळी पूजा, मग जेवण, तीनला मॅच, सगळं बसतंय, असं या दोघांनी ठरवून टाकलं. इंजिनियर माणसं! पंगत माणसाचं काय करते, हे गणितात धरायचं राहिलं.

पानं वाढायला घेतली तसा संग्राम स्वयंपाकघरात आला.

"मावशी, माझ्या पोरांना वरणभात वाढा, बास. जिलबी नको, मठ्ठा नको."

मी त्याला माझ्या बहिणीकडे पाठवलं. सुवर्णा, देवांगची आई, पुण्याहून खास या दिवसासाठी आलेली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "संग्रामराव, तुम्ही गोल अडवा. जिलबी अडवायची नाही."

मग तिने आग्रह केला. एक देवांगच्या नावाने, एक नव्या घराच्या, एक सुनेच्या. नाही म्हणायचं बळ एकातही नव्हतं. बचावफळीतला प्रसाद तर ताटावर हात आडवा धरून बोटांच्या फटीतून घेत होता. संग्रामने नैवेद्याचा एक घास खाल्ला, ताट बाजूला सारलं आणि दारात उभा राहून एकेकाला नावाने हाक मारून बूट घालायला लावले. दोघातिघांच्या बायकांनी डोळे वटारले. तो हलला नाही.

मीही गेले मैदानावर. फुटबॉल मला बेताचाच कळतो, पण जेवलेला माणूस लांबूनही ओळखता येतो. आमचे सगळे जागच्या जागी. मध्यंतरापर्यंत दोन गोल खाल्ले. प्रसाद गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला.

मला वाटलं, आता संग्राम यांची सालटी काढणार. तो ओरडला नाही.

"पळता येत नसेल तर उभे राहा," तो म्हणाला. "पण त्यांच्या वाटेत उभे राहा."

आणि नेहमी मागे खेळणाऱ्या देवांगला त्याने सगळ्यांत पुढे काढलं. पूजेला बसलेला यजमान. पाहुण्यांची पंगत उठेपर्यंत जेवत नाही, आणि ती उठली तेव्हा निघायची वेळ झाली होती. सकाळपासून दूध-केळ्यावर. संग्राम सोडला तर मैदानावर हलका असा तो एकटाच, आणि संग्राम गोलमध्ये. कपाळावर कुंकू घेऊन देवांग जो सुटला, त्याने दोन्ही गोल फेडले.

पुढे नुसती झोंबाझोंबी. एक चेंडू संग्रामच्या तोंडावर आला आणि नाकातून रक्त. रेफरीने खेळ थांबवला, म्हणाला, बाहेर जा. रक्त थांबेपर्यंत संग्राम नाक दाबून गोलच्या कडेला उभा राहिला, थांबल्याचं रेफरीला दाखवलं आणि परत आत. प्रसाद आणि बाकीचे खरोखरच वाटेत उभे राहिले, पोटावर चेंडू झेलत, कण्हत. शिट्टी वाजली तेव्हा दोन-दोन.

लीगमध्ये राहिलो. सगळे आडवे झाले. संग्रामने समोरच्या संघाशी हात मिळवले, मग येऊन प्रसादच्या डोक्याशी उभा राहिला. जानेवारीपासून शाळेच्या जिममध्ये सराव, दर शनिवारी सकाळी, असं त्याने सांगितलं.

"जमवतो रे," प्रसाद डोळे मिटूनच म्हणाला.

"जमवतो नाही. येतो म्हण."

तो म्हणेपर्यंत संग्राम तिथून हलला नाही.