खळ घातलेली गोधडी

काटकोन म्हणजे काय, हे अख्ख्या पुण्यात खऱ्या अर्थाने कुणाला कळलं असेल तर ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना. बाकीचे आपण सगळे तिरकेच जगतो. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत कुणी नवं कॅलेंडर टांगलं की काका दारातूनच सांगायचे, "उजवीकडे झुकलंय." पिंपरीच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून त्यांनी जन्मभर सुटे भाग नापास केले. पुढे तिथे नवी यंत्रं आली, काकांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली आणि नापास करायला आम्ही उरलो. एकदा तर वड्या तिरक्या कापल्यात म्हणून ते बर्फी परत करायला गेले. मिठाईवाला गल्ल्यावरून न उठता म्हणाला, "खायचीय की फरशी बसवायचीय?" काकांनी ती बर्फी खाल्ली, पण आधी घरी नेऊन सुरीने कडा सरळ करून.

त्यांचं दुसरं वेड खळीचं. दर रविवारी बादलीभर खळ करून शर्ट, पायजमे, अगदी हातरुमालसुद्धा त्यात बुडवायचे. काका जिना उतरायला लागले की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. काकू वैतागायच्या. "अहो, एक दिवस तरी मऊ कपडे घाला. जवळ बसलं तर ओरखडे उठतात." यावर काकांचं उत्तर ठरलेलं, "मऊ कापडाला आकार नसतो."

मग काकू गेल्या. त्यानंतर वर्षभराने त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती ती. नातवंडासाठी आपल्या जुन्या पातळांची गोधडी शिवायची, हे काकूंनी फार आधीपासून ठरवलं होतं. पातळं ट्रंकेत तशीच घडी घालून ठेवलेली होती. मुलगी म्हणाली, "बाबा, मॉलमध्ये मस्त सॉफ्ट ब्लँकेट्स मिळतात. डोन्ट वरी."

"तुझ्या आईची ऑर्डर आहे ती. बारशाच्या आत पूर्ण होणार," काका म्हणाले आणि खाली येऊन माझं शिलाई मशीन उचलून वर घेऊन गेले.

आधी त्यांनी ड्रॉइंग काढलं. चार लहान चौकोन जोडून एक मोठा चौकोन आणि तसे मोठे चौकोन जोडून गोधडी. मग बहुतेक सगळी पातळं मापात एका दमात कापून काढली, कारखान्यात करतात तशी. पहिला मोठा चौकोन शिवला तर तो मापापेक्षा लहान आला. मी म्हटलं, "अहो काका, शिवणीत जाणारं कापड कुठे धरलंत?" मशीननेच कापड गिळलंय अशा नजरेने ते त्याच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ड्रॉइंगमध्ये शिवण नव्हती."

ते एक वेळ चाललं असतं. पण वर्षानुवर्षं धुऊन विरलेलं ते कापड सुईखाली ताणलं जायचं, सरकायचं आणि चौकोनाची शंकरपाळी व्हायची. काका लाल खडूने त्यावर स्वतःच फुली मारायचे आणि उसवायला बसायचे. पुन्हा शिवायचे, पुन्हा उसवायचे. प्रत्येक वेळी कडेचे धागे निघायचे, चौकोन आणखी झिजायचा. बाजारातून दुसरं कापड आणता आलं असतं, पण ते काकूंचं नसतं.

एका रविवारी मी वर गेले तेव्हा काका मशीनवरून ताडकन उठले. "मटेरियलच नापास आहे!" असं ओरडून त्यांनी हातातला तुकडा भिरकावला. आणि ते मटेरियल कुणाचं हे आठवून मटकन खाली बसले. माझ्यासमोर रडले. रडतानासुद्धा पाठ ताठ होती. मला फार वाईट वाटलं.

तो तुकडा नेमका खळीच्या बादलीत पडला होता. बोळा झालेली कुठलीही गोष्ट काकांना बघवत नाही, म्हणून डोळे पुसत त्यांनी तो काढला, पिळला, वाळवला आणि त्याला इस्त्री केली. तुकडा पुठ्ठ्यासारखा ताठ झाला. काकांनी तो ओढून पाहिला. ताणला जाईना. त्या दिवशी शर्ट राहिले बाजूला, काकूंच्या पातळांचे सगळे तुकडे बादलीत गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरून हाक आली, "ताई, वर या! आहात तशा या!" मुलीला कळा सुरू झाल्या असं समजून मी कणकेच्या हातांनी धावले. माझ्यामागे अर्धी बिल्डिंग. वर मुलगी पोट धरून हसत होती आणि काका एका मोठ्या चौकोनावर काटकोन तपासायचा सुताराचा गुण्या लावून उभे होते. चारही कोपरे तंतोतंत. "पास!" ते असे गरजले की खाली गल्लीत रिक्षा थांबली असेल. मग त्यांनी पेढे वाटले. बाळाच्या आधी गोधडीचे पेढे वाटणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

गोधडी ड्रॉइंगपेक्षा लहान झाली, पण पाहुणीही लहानच आली. बारशाच्या आधी काकांनी गोधडी गरम पाण्यात धुतली. खळ निघून गेली, कोपरे जागचे हलले नाहीत आणि कापड पुन्हा काकूंच्या पदरासारखं मऊ झालं. पाळण्यात ठेवल्या ठेवल्या नातीने ती ओली केली. काका अभिमानाने म्हणाले, "टेस्टिंग सुरू झालं."

नंतरच्या एका रविवारी मी मशीन आणायला वर गेले, तर खळीची बादली पालथी घातलेली. नातीला गोधडीत गुंडाळून, खांद्यावर घेऊन काका खोलीत फेऱ्या मारत होते. शर्ट चुरगळलेला, कॉलर पडलेली. मी बघतेय हे कळल्यावर जरा ओशाळून म्हणाले, "हिच्या गालाला टोचतं."

भिंतीवर काकूंचा फोटो होता. तो किंचित डावीकडे झुकला होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, पण सरळ करायला गेले नाहीत. नात नुकतीच झोपली होती आणि हात मोकळा नव्हता.