मयेकरांचा कॅमेरा बंद करू नका

दत्तात्रय मयेकरांनी जन्मभर दुसऱ्याचा माल सांभाळला. मालवणकडचा हा माणूस बी.कॉम. होऊन सिल्वासाला आला आणि गलोंड्याच्या एका धाग्याच्या कारखान्यात डिस्पॅचला चिकटला, तो निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. खोकी कशी रचायची, ओल कुठल्या बाजूनं चढते, ताडपत्री आधी कुठे फाटते, हे सगळं त्यांच्या अंगात मुरलेलं. घरीही तीच शिस्त. छत्री खुंटीलाच, चष्मा डबीतच, आणि टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत.

जुलैअखेर ते निवृत्त झाले. कंपनीची खोली दिवाळीपर्यंत रिकामी करायची होती. मुलगा अमोल पुण्याहून रोज फोन करायचा, "बाबा, इकडेच या आता." मयेकरांना जायचं नव्हतं. त्यांच्या बायकोला, लीलाताईंना, तर त्याहून नव्हतं. त्यांच्याकडे शिवण शिकायला आजूबाजूच्या मुली येत, आणि पुण्याच्या त्या उंच इमारतीत आपल्याला विचारणारं कोण, असं त्यांचं म्हणणं. पण इथे भाड्यानं घर घेऊन राहायचं तर काहीतरी काम हवं.

ते काम प्राजक्ता सावे घेऊन आली. पालघरकडची मुलगी, विम्याची सर्व्हेअर, कारखान्यामुळे ओळखीची. कुठे आग लागली, कुठे पाणी शिरलं, की मालाचं किती नुकसान झालं ते पाहून अहवाल द्यायचा, हा तिचा व्यवसाय.

"काका, माल कसा बिघडतो ते तुमच्याइतकं कोणी बघितलंय? माझ्याबरोबर फिरा. फक्त फोटो तुम्ही काढायचे. कारखान्यात मोबाइल गेटवर काढून घेतात, म्हणून छोटा साधा कॅमेरा घ्या. पहिलं काम नीट पार पडलं, की पुढचं पक्कं."

लीलाताईंनी त्याच संध्याकाळी घर बघायला सुरुवात केली. मयेकरांनी कॅमेरा बघायला.

किलवणी नाक्याच्या दुकानात काचेच्या कपाटात मोजकेच कॅमेरे उरले होते. मयेकरांनी घरून कागदावर रकाने आखून नेले होते. प्रत्येक कॅमेऱ्याचे गुण मांडायचे आणि ज्याचे जास्त तो घ्यायचा, इतका सोपा हिशेब. पण एक कॅमेरा एका रकान्यात पुढे, तर दुसऱ्यात मागे. एकाची बॅटरी दणकट, पण तो अंधारात आंधळा. दुसरा पाण्यातही चालणारा, पण विटेएवढा जाड. पाण्यात कोण उतरतंय, म्हणून मयेकरांनी तो बाजूला सारला.

"काका, लगनमां जवानुं छे के जंगलमां?" दुकानदारानं विचारलं.

"गोडाऊनमध्ये."

दुकानदार विचारात पडला. असं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं असावं.

मयेकरांनी अमोलला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, मेगापिक्सेलच्या नादी लागू नका. सेन्सर बघा."

"सेन्सर दाखवा," मयेकर दुकानदाराला म्हणाले.

"सेन्सर तो अंदर होय, काका. केम करीने जोशो?" आतला सेन्सर बघणार कसा, हा त्याचा सवाल.

मग झूमचं प्रकरण निघालं. एक झूम भिंगाचा, तो खरा. दुसरा आकड्यांचा, तो नुसताच चित्र ताणून मोठं करतो, म्हणजे खोटा. "मग खोटा देतातच कशाला?" मयेकरांनी विचारलं.

"ए तो फ्रीमां छे."

कागदावरचे रकाने भरत गेले आणि मयेकरांच्या डोक्यात काहीच उरेना. शेवटी लीलाताईंनीच एक चंदेरी, मुठीत मावणारा कॅमेरा उचलला. चालू केला की त्याची लेन्स कासवाच्या मानेसारखी बाहेर यायची आणि बंद केला की आत जाऊन पुढे दोन इवलीशी झाकणं मिटायची. "हा घ्या. झोपताना डोळा मिटतो, म्हणजे धूळ तरी जाणार नाही." मयेकरांना एवढा एकच मुद्दा समजला होता. त्यांनी तो घेतला.

आता तो सांभाळायचा कसा, ही नवीन पंचाईत. अमोल म्हणाला, लेन्सला बुरशी लागते, हवाबंद डब्यात ठेवा. दुकानदार म्हणाला होता, डब्यात कोंडाल तर बुरशी लागेल, मोकळ्या हवेत रोज वापरा. शेजारच्या उषाताई म्हणाल्या, तांदळात ठेवा, तांदूळ ओल शोषतात. मयेकरांनी तिघांचंही थोडं थोडं ऐकलं. कॅमेरा मऊ पिशवीत, पिशवी स्टीलच्या डब्यात, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. रोज जेवणानंतर डबा उघडून त्याला अर्धा तास हवा द्यायची. तांदूळ तेवढे टाळले, कारण घरच्या तांदळाला लीलाताई एरंडेल चोळत.

"बाळंतिणीची एवढी काळजी घेत नाहीत कोणी," लीलाताई म्हणत. "अहो, एखादा फोटो तरी काढा त्याच्यानं."

"काम लागलं की काढायचाच आहे. उगाच झीज कशाला?"

असा दसरा आला.

कारखान्यात दरवर्षी यंत्रांच्या पूजेचा मान मयेकरांचा असायचा. या वर्षी तो कारखाना नव्हता. पण ज्याच्यावर पोट आहे त्याची पूजा केल्याशिवाय दसरा कसला? त्यांनी पाटावर लीलाताईंचं शिवणयंत्र मांडलं, कात्री मांडली, स्कूटरची किल्ली मांडली आणि मधोमध कॅमेरा. सगळ्यांना हळदकुंकू लागलं. कॅमेऱ्याचं अंग गुळगुळीत, त्यावर कुंकू ठरेना. मयेकरांनी बोट फिरवून जागा शोधली. समोर, बरोबर मध्यावर, जिथे ती दोन झाकणं मिटतात तिथे बारीकशी खाच होती. कुंकू तिथे छान बसलं.

"अहो, डोळ्यावर काय लावता?"

"डोळा कुठे? पापणी आहे ती."

वर अक्षता वाहिल्या. उदबत्ती ओवाळली. आणि मग, आपण काय घेतलंय ते लीलाताईंना एकदा तरी दाखवावं असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी बटण दाबलं.

कर्रर्र.

लेन्स अर्धी बाहेर आली आणि थांबली. मागच्या पडद्यावर इंग्रजीत अक्षरं उमटली: लेन्समध्ये बिघाड, बंद करून पुन्हा चालू करा.

मयेकर सूचना पाळणारे गृहस्थ. त्यांनी बंद करून चालू केला. परत कर्रर्र. पुन्हा तीच सूचना, पुन्हा त्यांनी पाळली. दर वेळी कुंकू आणखी आत जात होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा झाकणांवर बोट फिरवूनही लाल लागेनासं झालं होतं.

तेवढ्यात प्राजक्ताचा फोन आला. "काका, दसऱ्याच्या शुभेच्छा. उद्या अकरा वाजता अथालला या. गोडाऊनमध्ये पावसाचं पाणी शिरलंय. आपलं पहिलं काम."

"हो मॅडम. हो."

फोन ठेवल्यावर लीलाताई म्हणाल्या, "सांगायचं ना तिला."

"काय सांगू? पूजा करून बिघडवला?"

त्या दिवशी दुकानं बंद. अमोल म्हणाला, हातही लावू नका. थोड्या वेळानं त्याचाच पुन्हा फोन, तळहातावर हलकेच आपटून बघा, म्हणे एका व्हिडिओत तसं दाखवलंय. मयेकरांनी आधी हात लावला नाही, मग आपटून बघितलं, मग आपटल्याबद्दल स्वतःलाच बोल लावला.

दुसऱ्या दिवशी विकीनं दुकानाचं शटर उचललं, तेव्हा मयेकर पतिपत्नी पायरीवर उभी होती. विकी धुळ्याकडचा. मोबाइल दुरुस्त करतो, कॅमेरे कधीमधी. त्यानं भिंगातून पाहिलं आणि हसू दाबलं.

"काका, तिलक किसने लगाया?"

"मीच."

"मीबी लावलाय दुकानात. पण काउंटरला." त्यानं ब्रशनं झाडलं, फुंकणीनं हवा मारली, टाचणीनं तांदळाचा एक कण काढला. कण बाहेर आला आणि लेन्स कुरकुरत पूर्ण उघडली. मयेकरांचे हात आपोआप जोडले गेले.

"थांबा, हात नंतर जोडा. कुंकू अजून आहे आत. आता बंद करायचा नाही. एकदा लेन्स आत गेली तर बाहेर येईल याची गॅरंटी मी देत नाही. हे फोटो बघायचं बटण, तेबी दाबायचं नाही. त्यानंबी आत जाते."

"मग फोटो आला की नाही कसं कळणार?"

"काढला की क्षणभर दिसतो. दिसला म्हणजे आला. आणि नुसता ठेवला तर तो आपोआप झोपतो, तवा अधूनमधून फोटो काढत राहा."

"कसले?"

"कसलेबी."

मयेकर दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. खिशात मऊ पिशवी, डिकीत डबा, डब्यात पुड्या. आणि कॅमेरा उघड्या तोंडानं हातात. तो कशातच ठेवता येत नव्हता. स्कूटर चालवू की कॅमेरा धरू, हेही त्यांना कळेना.

"द्या इकडे," म्हणत लीलाताई मागे बसल्या. "मी धरते."

"पडेल हो."

"बत्तीस वर्षं तुमच्या मागे बसतेय, मी पडले का कधी?"

अथालच्या वाटेवर ट्रकची धूळ होती, मधेच भुरभूर पाऊस होता. लीलाताईंनी पदराचा आडोसा करून कॅमेरा छातीशी धरला होता आणि थोड्या थोड्या वेळानं बटण दाबत होत्या.

"काढलात?"

"काढला."

"कशाचा?"

"तुमच्या हेल्मेटचा."

पुढे म्हशी आडव्या आल्या. म्हशींचा काढला. एका कारखान्याच्या फाटकाला झेंडूचं तोरण होतं, त्याचाही काढला. "अहो, जरा हळू घ्या, मला ते तोरण नीट धरता येईना." मयेकरांना वाटलं, बाई मजेत आहे. आपली बोबडी वळलीय आणि ही मजेत आहे.

गोडाऊनच्या गेटवर वॉचमननं मोबाइल जमा केले आणि कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. "ये बंद करके टेबल पे रखो. एंट्री करनी है."

"बंद होत नाही. म्हणजे होतो. पण करायचा नाही."

"क्यूँ?"

लीलाताईंनी वॉचमनचाच फोटो काढला. तो दचकून टोपी सारखी करू लागला, तेवढ्यात प्राजक्ता आतून आली.

"या कोण, काका?"

"या बटण दाबायला," मयेकर बोलून गेले.

प्राजक्तानं दोघांकडे पाहिलं, पण वेळ नव्हता. तिनं दोघांनाही आत घेतलं.

आत मात्र मयेकर जरा सावरले. खालचे थर फुगलेले, वरचे कोरडे. भिंतीवर पाण्याची रेघ. ते सांगत गेले आणि फोटो काढत गेले. फोटो पडद्यावर पापणी लवेपर्यंत दिसायचा आणि जायचा. दर वेळी वाटे, आला. दर वेळी शंका येई. मधेच बॅटरीचं चिन्ह लाल झालं आणि लीलाताई कुजबुजल्या, "आटपा."

मग प्राजक्तानं कॅमेरा घेतला, त्यांना काही म्हणायला वेळ मिळण्याआधीच खालचं झाकण उघडलं आणि मेमरी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. कॅमेरा लेन्स बाहेर ठेवूनच विझला. मयेकर खुर्चीच्या कडेला टेकले.

फोटो होते. सगळे होते. पण प्रत्येकात डाव्या कोपऱ्यात खाली तांबूस, फिसकटलेला डाग होता. खोक्यांवर तो हुबेहूब पत्र्याचा गंज उतरल्यासारखा दिसत होता.

गोडाऊनचा मॅनेजर पुढे वाकला. "बघा मॅडम, वरच्या थरालाही डाग. ते पण धरा नुकसानीत."

प्राजक्ता मयेकरांकडे वळली. "काका, वरचा थर कोरडा म्हणालात ना?"

गप्प राहिलं असतं तर कॅमेरा चांगला ठरला असता आणि माणूस खोटा. बोललं तर उलटं. घराचं काय, दिवाळीचं काय, हे सगळं एकदम मयेकरांच्या डोक्यात गरगरलं, आणि कुठला विचार आधी करावा हेच त्यांना कळेना. न कळताच ते बोलले.

"मॅडम, तो डाग खोक्यांवर नाही. कॅमेऱ्यात आहे. काल मी त्याची पूजा केली. कुंकू आत गेलं."

मॅनेजर हसला. "हे काय कारण झालं? कशावरून?"

प्राजक्ता फोटो मागे मागे सरकवत गेली. वॉचमनच्या कोपऱ्यात तोच डाग. तोरणाच्या कोपऱ्यात तोच. म्हशीच्या पोटावर तोच, हेल्मेटच्या कडेला तोच, त्याच जागी.

"यावरून," ती म्हणाली. "म्हशीला काही पावसाचं पाणी लागून गंज चढला नसेल." मग लीलाताईंना, "काकू, म्हशींचा फोटो मी अहवालाला जोडतेय. चालेल ना?"

"जोडा की. पण त्यात माझा पदर आलाय."

गेटबाहेर प्राजक्ता गाडीत बसताना म्हणाली, "काका, पुढच्या आठवड्यात खेरडी. पत्ता पाठवते. तेवढा कॅमेरा दुरुस्त करून घ्या."

"म्हणजे मी यायचंय?"

"मग कोण? खोक्यांवर काय नाही ते सांगणारा माणूस मला रोज कुठे मिळणार?" आणि ती गेली.

मयेकर स्कूटरजवळ उभे राहिले. काम मिळालं होतं, एवढं त्यांना समजलं. चुकीमुळे मिळालं की चूक सांगितल्यामुळे, हे मात्र नीट समजलं नाही. कॅमेरा दुरुस्त करावा, की तो विटेएवढा जाड घ्यावा? विकीकडे जावं, की दुकानदाराकडे? त्यांनी मऊ पिशवी काढून पाहिली. पुढे आलेली लेन्स तिच्यात मावेना.

लीलाताई मागे बसल्या आणि त्यांनी कॅमेरा पुन्हा पदराखाली धरला.

"अहो, घर बघायला जायचं ना आता? मग सांगा, मी दाबत राहू की नको?"

"तो बंद पडलाय, लीला."

"ते मला दिसतंय हो. पण तुम्हाला काय वाटतं?"

मयेकरांनी किक मारली. "दाबत राहा," ते म्हणाले.