समोरच्या दारावरची पाटी

कादरचाचा कोणाच्याही घरी गेले की बेल दाबण्याआधी दारावरची पाटी वाचायचे. नुसती वाचायचे नाहीत, नापास करायचे. "ह्यांचा 'र' बघ, पाय मोडल्यासारखा," असं पुटपुटायचे आणि मग बेल. आयुष्यभर त्यांनी पाट्याच रंगवल्या. बिबवेवाडीत आमच्या जिन्याखाली त्यांच्या हातची एक होती : 'चपला चोरीस गेल्यास त्या नव्या होत्या असे सांगू नये.'

आम्ही तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर राहायचो. माझे वडील मार्केट यार्डात हमाल. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. हे मी आजही सांगते, कोणी विचारो न विचारो. निकालाच्या दिवशी चाचांनी आमच्या पाटीवर वडिलांच्या नावाखाली माझं नाव रंगवलं, पुढे 'बी.कॉम.'. "कादरभाई, अक्षर जरा मोठं झालं," वडील संकोचून म्हणाले.

"मोठंच आहे ते," चाचा म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारणं सोडलं. मी 'बीकॉम'.

वडील गेले, मग आईचे गुडघे गेले. इमारतीला लिफ्ट नाही. दवाखाना सोडला तर आई खाली उतरतच नसे. गॅलरीतून रस्ता बघत बसायची. धायरीत तळमजल्यावरचं एक घर मिळत होतं, पण त्यासाठी आधी हे विकायला हवं होतं, आणि तिकडचा मालक फार थांबणार नव्हता.

घर दाखवायला काढलं तसे चाचा कामाला लागले. स्वयंपाकघराची काळवंडलेली भिंत त्यांनी स्वतः रंगवली. भिंतीवरचे जास्तीचे खिळे उपटले. एका रविवारी आईने बोंबील काढले, तर दारातूनच ओरडले, "वहिनी, बोंबील नंतर तळा, आधी घर विका!"

"विकायचं घर म्हणून उपाशी मारता का, कादरभाऊ?"

बाथरूमच्या भिंतीला ओल होती. तिला मात्र त्यांनी ब्रश लावला नाही.

"रंग मारला तर दिसणार नाही, चाचा."

"पावसाळ्यात दिसेल. तेव्हा तू धायरीला. समोर मी राहणार आहे, बीकॉम. शिव्या मला पडतील."

लोक यायचे, नळ सोडून बघायचे, आवडलं म्हणायचे आणि पुन्हा फोन करायचे नाहीत. शेवटी जिन्यात एजंट हळूच म्हणाला, "ताई, घरात काही खोट नाही. लोक जाताना समोरची पाटी वाचतात." त्याला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण चाचांचं दार उघडं होतं.

पुढच्या रविवारी त्यांच्या दारावर पाटी नव्हती. 'कादर शेख, पेंटर' होतं तिथे चार भोकं आणि एक फिकट चौकोन.

"पाटी कुठंय?"

"रंगवायला काढलीय."

"चाचा!"

"अगं, घर दाखवायचं तर आवरायला नको? ओल राहू दिली, तेवढं पुरे. वहिनींना एकदा खाली उतरू दे, मग लावतो."

मागे वळून बघितलं तर आई दाराला धरून उभी होती. "लाव गं ती पाटी," ती म्हणाली. "इतके दिवस वर बसले, अजून बसेन."

चाचांच्याच पेटीतला स्क्रूड्रायव्हर घेऊन मी पाटी लावली. ते हाताची घडी घालून बघत राहिले. "तिरकी लावतेयस," एवढंच म्हणाले.

धायरीचं ते घर हातचं गेलं. आईने आणखी एक उन्हाळा गॅलरीत काढला. मग एक नर्स एकटीच घर बघायला आली. ओल बघितली, समोरची पाटीही वाचली आणि विचारलं, "माझी ड्यूटी कधीही असते. समोरचे काका किल्ली ठेवून घेतील का?" तिने घर घेतलं. आम्हालाही धायरीलाच दुसरं घर मिळालं. आईला खुर्चीतून खाली नेलं तेव्हा चाचा पुढे चालत होते आणि प्रत्येक वळणावर उचलणाऱ्यांना रागावत होते.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. फोन त्या नर्सनेच केला. मी जिना चढून वर पोचले तर दार सताड उघडं, आत माणसं. सवयीने आधी पाटी वाचली. साऱ्या पुण्याच्या पाट्या नापास करणाऱ्या माणसाच्या दारावर ती तशीच होती. मी लावली होती तशी, तिरकी.