नदीकाठची रूम कॅन्सल

"नदीकाठचं लॉज सोडून माळावरचा कॅम्प? डोकं तुमच्या क्लायंटचं फिरलंय की तुमचं?"

फोन नैरोबीहून होता. पलीकडे जिग्नेशभाई, आमचे ग्राउंड हँडलर. म्हणजे मी परभणीत बसून जी ट्रिप ठरवतो, ती तिथं प्रत्यक्ष पार पाडणारा माणूस. गाडी, ड्रायव्हर, मुक्काम, सगळं त्यांच्याकडं.

"आयडिया क्लायंटची आहे," मी म्हणालो. "पण मला पटलीय. बदला."

क्लायंट म्हणजे वालूरच्या यमुनामावशी. वय सदुसष्ट. जन्मभर शेळ्या राखल्या, त्यावरच मुलाला, विलासला, इंजिनिअर केलं. आईला परदेश दाखवायचा म्हणून विलास तिला माझ्या ऑफिसात घेऊन आला होता. मी सवयीनं दुबईचं ब्रोशर पुढं सरकवलं. मावशींनी ते बाजूला सारलं आणि मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. लांब मानेचं एक हरिण मागच्या दोन पायांवर उभं राहून बाभळीसारख्या झाडाचा पाला ओरबाडत होतं.

"माझी चंपी शेळी अश्शीच उभी ऱ्हायची," मावशी म्हणाल्या. "मला हे बघायचंय. बाकी तुमी काय बी दाखवा."

शोधाशोध केली. हरणाचं नाव जेरेनुक. केनियाच्या उत्तरेला सांबुरू नावाचं कोरडं, काटेरी राखीव रान आहे, तिथं ते दिसतं.

विलास म्हणाला, "आईला काय कळतंय त्यातलं? तुमी सिंहांचं पॅकेज द्या. सांबुरू एक रात्र टाका, झालं."

मावशींनी मोबाइल पिशवीत ठेवला. पदराशी चाळा करत बसल्या. मला फार वाईट वाटलं. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं असावं. मी हट्टानं सांबुरूच्या दोन रात्री धरल्या.

कोरड्या रानात सगळे एजंट नदीकाठचंच लॉज विकतात. पाणी तिथं जनावर. मीही तेच बुक केलं. पुढच्या भेटीत मावशींना फोटो दाखवले आणि वर माझी हुशारी पाजळली, "मावशी, हे जेरेनुक पाणी जवळपास पीतच नाही बरं का. पाल्यातल्या ओलीवर भागवतं."

मावशींनी चष्मा वर सरकवला. "मग ते नदीवर कशाला येईल, भाऊ?"

पंधरा वर्षं मी या धंद्यात आहे. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

"दुसरं कुठं ऱ्हायाची सोय न्हाई का?"

होती. नदीपासून लांब, माळावर एक साधा कॅम्प. स्विमिंग पूल नाही, हिरवळ नाही. तिथले फोटो मावशी बराच वेळ निरखत बसल्या. मग एका झुडपावर बोट ठेवलं. "हे बघा. माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत पाला साफ हाय. साध्या हरणाचं तोंड एवढं वर जात न्हाई. जिराफानं खाल्लं असतं तर शेंडा बी ऱ्हायला नसता. हितं कुणीतरी उभं ऱ्हाऊन खायलंय."

म्हणून तो बदल. जिग्नेशभाईंनी शेवटी केला, पण बजावलं, "तक्रार आली तर माझं नाव घ्यायचं नाही."

सांबुरूतल्या पहिल्याच संध्याकाळी विलासचा मेसेज आला. "बाकीचे लोक लॉजात बसून नदीवरचे हत्ती बघायलेत. आमी हितं कॅम्पवर काटे बघायलोत. आईचं हरिण बी दिसलं न्हाई."

मी ताट बाजूला सारलं. विलासच्या शिव्या खायला मी तयार होतो. पण मावशी रिकाम्या हातानं परत आल्या असत्या तर पुन्हा त्यांनी कुणाकडं काही मागितलं नसतं. विलासला फोन लावला. गेम ड्राइव्ह, म्हणजे गाडीतून जनावरं शोधत फिरणं, ती कुठं झाली? कळलं, की ड्रायव्हर सवयीनं गाडी थेट नदीवर घेऊन गेला होता. आता काय म्हणावं याला! लगेच जिग्नेशभाईंना सांगितलं, "उद्या नदी बंद. मावशी बोट दाखवतील तिकडं गाडी."

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ आला. कॅम्पपासून हाकेच्या अंतरावर एक काटेरी झुडूप. त्याच्याशी एक नाही, तीन जेरेनुक. तिन्ही दोन पायांवर उभी, माना ताणून निवांत चरतायत. मागून विलासचा आवाज आला, "आई, तुला कसं कळलं गं?"

"गप ऱ्हा," मावशी कुजबुजल्या. "बुजतील ती."

मी ऑफिसात एकटाच टाळ्या वाजवल्या. शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला.

आता माझ्या बुकिंग फॉर्मवर जेवणाच्या आवडीनिवडींच्या खाली एक रकाना वाढलाय: घरी कोणती जनावरं पाळली आहेत? लोक हसतात, पण भरतात. आणि जिग्नेशभाई कुठलाही नवा कॅम्प सुचवताना झाडांचे फोटो आधी पाठवतात. खाली लिहिलेलं असतं, "वालूरला मावशींना दाखवून घ्या."